सायकलीला पाय किती लागतात?

 हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे असू द्या.

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, पण एक बाई मागे रेंगाळल्या. बाकीच्या उंबऱ्याबाहेर गेल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताई, शाळेतून पोरींना सायकली मिळणार आहेत. आमच्या पोरीचंही नाव यादीत आलंय. पण तिचा एक पाय बारीक आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. घरात सगळे म्हणतात, तिला काय करायची सायकल, नाव काढून टाक. पडली-बिडली तर आहे तो पायही जायचा. काय करू?"

सायकली म्हणजे मानव विकास कार्यक्रमातल्या. शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात त्या. मला पटकन उत्तर देता आलं नाही. "मिळव गं सायकल" असं म्हणणं सोपं होतं, पण पडलेल्या लेकरापाशी रात्र आईलाच काढावी लागते. म्हणून म्हटलं, जरा माहिती घेऊन सांगते. ती माहिती घेता घेता मी कुठल्या कुठे जाऊन पोहोचले. पोहोचले ते थेट पॅरिसच्या एका लाकडी ट्रॅकवर. आज तेच सांगायचं आहे, आणि शेवटी त्या बाईंना काय उत्तर दिलं तेही.

आपल्याच महाराष्ट्रातली, भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी आहे, ज्योती गडेरिया. अपघातात तिला पाय गमवावा लागला. तीच ज्योती 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारताची जर्सी घालून सायकल शर्यतीत उतरली. तिच्याबरोबर आंध्र प्रदेशचा अर्शद शेख होता. पॅरालिंपिकच्या सायकल शर्यतीत उतरलेले हे पहिले दोन भारतीय. त्याआधी आपल्या देशातून तिथे सायकल घेऊन कुणीच गेलं नव्हतं.

पॅरालिंपिक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. ऑलिंपिक झालं की त्याच शहरात काही दिवसांनी दिव्यांग खेळाडूंची मोठी जागतिक स्पर्धा भरते, ती पॅरालिंपिक. ऑलिंपिकच्या बरोबरीने चालणारी, असा त्या नावाचा अर्थ. पहिली स्पर्धा 1960 साली रोमला झाली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी काही जणींनी पाहिला असेल. सायकल मात्र या स्पर्धेत उशिरा आली. रस्त्यावरच्या शर्यती 1984 ला सुरू झाल्या आणि ट्रॅकवरच्या 1996 ला, अमेरिकेत अटलांटाला.

आता हा ट्रॅक कसा असतो? जत्रेत आपण मौत का कुआँ बघतो. लाकडी फळ्यांची गोल विहीर आणि तिच्या भिंतीवर गरगर फिरणारी मोटरसायकल. सायकलचा ट्रॅक हा त्याचाच मोठा, पसरट भाऊ समजा. वर छत असलेलं भलंमोठं सभागृह, मधे मोकळी जागा आणि तिच्याभोवती लांबट गोल आकाराचा, गुळगुळीत लाकडी पट्ट्यांचा रस्ता. एक फेरी 250 मीटरची. सरळ भागात उतार थोडा असतो, पण वळणावर तो 40 अंशांहून जास्त होतो. म्हणजे खाली उभं राहून बघितलं तर भिंतच वाटावी.

एवढा उतार कशासाठी? एसटी घाटात जोरात वळली की आपण सीटवर एका बाजूला ढकलले जातो ना, तसं वळणावर सायकलस्वारही बाहेर फेकला जाऊ लागतो. ट्रॅकच आतल्या बाजूला झुकलेला असला की वेग न कमी करता वळता येतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. तिथे वेग फारच कमी झाला तर चाक घसरून सायकल खाली येते. म्हणजे या ट्रॅकवर घाबरून हळू चालवणं हेच धोक्याचं.

सायकलही आपल्यासारखी नसते. तिला ब्रेक नसतात. गिअर एकच. आणि मुख्य म्हणजे तिला फ्रीव्हील नसतं. आपली सायकल उतारावर असली की आपण पाय थांबवतो, मागून टिकटिक आवाज येतो आणि सायकल आपली पळत राहते. ट्रॅकच्या सायकलीत तसं होत नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणारच. थांबायचं तर पायांनीच जोर हळूहळू कमी करत यायचं. दोन धड पाय असणाऱ्यालाही हे शिकायला वेळ लागतो. मग कृत्रिम पाय लावलेल्या मुलीचं काय होत असेल, विचार करा.

एका पायानं पायडल कसं मारतात, असा प्रश्न मलाही पडला होता. दोन पाय असले की एक पाय खाली दाबतो तोवर दुसरा वर येतो आणि मग तो दाबतो. एकच पाय असेल तर तो खाली गेल्यावर पुढचं अर्धं चक्र फिरवायचं कुणी? म्हणून बूट पायडलला पक्का अडकवलेला असतो. तोच पाय दाबतोही आणि वर ओढतोही. काही जणी कृत्रिम पाय लावून चालवतात, काही जणी तो काढून ठेवून एकाच पायावर चालवतात. हाताला अधूपण असेल तर हँडल त्या हाताला बेतून घेतलेलं असतं. सुरुवातीला तोल जाऊ नये म्हणून शर्यतीच्या आधी मागचं चाक एका यंत्रात धरून ठेवतात. आकडे उलटे मोजले जातात आणि शून्याला यंत्र चाक सोडतं.

शर्यतींचे प्रकार थोडेच सांगते. एक शर्यत घड्याळाशी. एकटीनं निघायचं आणि ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात संपवायचं. पॅरिसमध्ये ज्योतीच्या गटातल्या मुलींसाठी ते अंतर 500 मीटर होतं, म्हणजे दोन फेऱ्या. दुसरी शर्यत पाठलागाची. दोघी जणी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभ्या राहतात, एकदम सुटतात आणि एकमेकींच्या मागे लागतात. 3000 मीटर म्हणजे 12 फेऱ्या. पहिल्या टप्प्यात सगळ्यांच्या वेळा मोजतात. सगळ्यात वेगवान दोघी सुवर्णपदकासाठी पुन्हा भिडतात, पुढच्या दोघी कांस्यपदकासाठी. तिसरी शर्यत संघाची. तिघांचा संघ, त्यात बायका आणि पुरुष मिळून, आणि प्रत्येकानं एक फेरी पुढे राहून ओढायची.

पाठलागाच्या शर्यतीत ज्योती दहावी आली. 3 किलोमीटर तिनं पाच मिनिटांच्या आत संपवले. म्हणजे तासाला 36 किलोमीटरहून जास्त वेग. आपल्या गावच्या रस्त्यावर बऱ्याच जणांची मोटरसायकल याहून जोरात जात नाही. तिला पदक मिळालं नाही, त्या वेळी भारताला पॅरालिंपिकमध्ये एकूण 29 पदकं मिळाली आणि सगळं कौतुक अर्थातच पदकवाल्यांचं झालं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा पदक येत नाही, वाट येते.

आता मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सांगते. एकीला हात नाही, एकीचा पाय गुडघ्याखालून नाही, एकीची एक बाजू लुळी आहे. यांची शर्यत लावायची कशी? कुणाच्या अधूपणाची कुणाशी तुलना करणार?

त्यासाठी खेळाडूंचे वर्ग पाडलेले आहेत. साधी सायकल चालवणाऱ्यांचे पाच वर्ग, सी 1 ते सी 5. सी 5 मध्ये ज्यांना अडचण सगळ्यात कमी ते, सी 1 मध्ये सगळ्यात जास्त ते. ज्योती सी 2 मध्ये आहे. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं त्यांचा वर्ग वेगळा. त्यांची सायकल जोडसायकल असते. पुढे डोळस साथीदार बसतो, मागे दृष्टिहीन खेळाडू. दोघंही जीव तोडून पायडल मारतात आणि जिंकले तर पदक दोघांच्याही गळ्यात पडतं. तीनचाकी चालवणारे आणि हातानं फिरवायची सायकल चालवणारे यांचेही वर्ग आहेत, पण त्यांच्या शर्यती रस्त्यावर होतात, लाकडी ट्रॅकवर नाही.

वर्ग ठरवताना डॉक्टर आणि या कामात तयार झालेली माणसं खेळाडूला तपासतात. स्नायूत ताकद किती, सांधा किती वाकतो, हातापायांचा मेळ कसा बसतो, हे बघतात. नंतर प्रत्यक्ष सायकल चालवतानाही बघतात. आपल्याकडे दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर 40 टक्के, 60 टक्के असं लिहिलेलं असतं. खेळातला वर्ग त्या टक्क्यांवरून ठरत नाही. या अडचणीमुळे सायकल चालवण्यात नेमकं काय अडतं, एवढाच तिथे प्रश्न. प्रमाणपत्र असूनही काही जण खेळाच्या नियमात बसत नाहीत आणि त्यांना परत जावं लागतं. तिथे दयेवर प्रवेश नाही.

पण कधी कधी एका वर्गात पुरेशा खेळाडू नसतात. मग दोन-तीन वर्ग एकत्र करतात. ज्योतीच्या शर्यतीत सी 1, सी 2 आणि सी 3 एकत्र होत्या. मग सी 1 वालीवर अन्याय नाही का होणार? त्यासाठी घड्याळाच्या शर्यतीत एक हिशेब ठेवलेला आहे. प्रत्येक वर्गाला एक गुणक दिलेला असतो. लागलेल्या वेळेला त्या गुणकानं गुणायचं आणि येईल ती वेळ निकालासाठी धरायची.

समजायला एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरते आहे. सी 3 मधल्या मुलीला 40 सेकंद लागले. तिचा गुणक 1 धरा. तिची वेळ 40 च राहिली. सी 1 मधल्या मुलीला 43 सेकंद लागले. तिचा गुणक 0.9 धरा. 43 ला 0.9 नं गुणलं की 38.7 येतात. म्हणजे मागून पोहोचलेली सी 1 वाली जिंकली.

ऐकून कुणी म्हणेल, ही तर सूट झाली. नाही मैत्रिणींनो. हे गुणक कुणाच्या मनात आले म्हणून ठरत नाहीत. त्या त्या वर्गातल्या खेळाडूंनी आधीच्या शर्यतींत काय वेळा दिल्या, त्याचा हिशेब करून ते काढतात. त्यातून शरीराची अडचण बाजूला ठेवली जाते आणि उरते ती मेहनत. कुणी किती घाम गाळला, ते मोजता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. आळस करणारी सी 1 वाली त्या गुणकानंही जिंकत नाही.

हे वाचत असताना मला आपलं औंढ्याचं देऊळ आठवलं. नामदेव महाराजांना कीर्तन समोर करू दिलं नाही, मागे जा म्हणाले. महाराज मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. नरसीच्या माणसाला ती सांगायला नको. आतापर्यंत मला ती चमत्काराची गोष्ट वाटायची. आता वाटतं, ज्याला मागे बसवलंय त्यानं पुन्हा पुढे येण्यासाठी धडपडावं, की देवळानं थोडं वळावं, हा प्रश्न त्या गोष्टीत आहे. सायकलीच्या या खेळात देऊळ वळलेलं आहे. हँडल वळलं, पायडल वळलं, वेळ मोजायची रीतसुद्धा वळली. बाईनं फक्त जोर लावायचा.

आणि जोर लावणाऱ्या कुठवर जातात बघा. इंग्लंडच्या सारा स्टोरी या बाईंना जन्मापासून डावा हात पूर्ण नाही. 1992 मध्ये, वयाच्या 14 व्या वर्षी, त्या पोहण्यासाठी पॅरालिंपिकला गेल्या. पुढे सायकलीकडे वळल्या. मधे दोन लेकरं झाली. 2024 ला पॅरिसमध्येही त्या शर्यतीत होत्या आणि तिथली धरून त्यांची 19 सुवर्णपदकं झाली. दोन लेकरं सांभाळून, हे मुद्दाम सांगते. कारण आपल्याकडे लग्न झालं की धड हातापायाच्या मुलीचीही सायकल ओसरीतल्या खुंटीला लागते.

आपल्या देशात या खेळाची सोय अजून थोडी आहे. छताखालचा लाकडी ट्रॅक दिल्लीत आहे, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला. फेब्रुवारी 2024 मध्ये आशियाई ट्रॅक स्पर्धा तिथेच झाली, दिव्यांगांच्या शर्यतींसह. हैदराबादला आदित्य मेहता फाउंडेशन आहे. आदित्य मेहता यांचा स्वतःचा पाय अपघातात गेला, तरी ते सायकलपटू झाले, आशियाई स्पर्धेत पदकं मिळवली आणि मग इतरांना तयार करू लागले. ज्योती आणि अर्शद त्यांच्याच संस्थेतून पुढे आले.

आता पुन्हा आपल्या गावात येऊ. प्रत्येक मुलगी पॅरिसला जाणार नाही, जायचं कारणही नाही. तिला शाळेत जायचं आहे. त्यासाठी मला कळलेल्या काही साध्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट डॉक्टरची. जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना आणि व्यायामोपचार करणाऱ्यांना मुलीचा पाय दाखवा आणि स्पष्ट विचारा, सायकल चालवली तर चालेल का, कुठल्या सांध्यावर ताण येईल. कुणाच्या बाबतीत ते नाही म्हणतील, तर ते ऐका. पण नकार डॉक्टरांनी द्यायचा, शेजारणीनं नाही.

दुसरी गोष्ट सायकलीची. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पाय पायडलवरून घसरत असेल तर सुरुवातीला सैल पट्टा लावा, पटकन सुटेल असा. घट्ट बांधू नका. एका हातात जोर नसेल तर ब्रेकची दांडी दुसऱ्या बाजूला घेता येते का, ते सायकल दुकानदाराला विचारा. तोल अजिबात राहत नसेल तर मागे आधाराची दोन छोटी चाकं लावता येतात किंवा तीनचाकी घेता येते.

तिसरी गोष्ट शिकवण्याची. सपाट, मोकळं मैदान बघा. आधी पायडल न मारता नुसतं बसून पायांनी ढकलत पुढे जाऊ द्या. तोल आला की एक पायडल, मग दोन. आपण नाही का हाफ पायडल शिकलो, घरातल्या मोठ्या सायकलीच्या आडव्या दांडीखालून पाय घालून? कुणी म्हटलं होतं का तेव्हा की ही पद्धत चुकीची आहे? डोक्याला हेल्मेट असू द्या. कृत्रिम पाय असेल तर सायकल चालवून आल्यावर कातडी लाल झाली का, फोड आला का, ते रोज बघा. फोड असेल तर तो बरा होईपर्यंत सायकल बंद.

चौथी गोष्ट कागदांची. दिव्यांगाचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात, ते काढून ठेवा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे, आणि खेळात भाग घ्यायचा हक्कही आहे. तेव्हा शाळेच्या क्रीडास्पर्धेत आपल्या मुलीला नुसती टाळ्या वाजवायला बसवलं असेल, तर जाऊन विचारा. भांडू नका, पण विचारा.

आता त्या बाईंना काय सांगितलं? मी म्हटलं, नाव काढू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि सायकल आली की सीट खाली घ्या. त्या म्हणाल्या, "आणि पडली तर?" मी म्हटलं, पडेल. तुमची मोठी पोरगी पडली नव्हती का शिकताना? गुडघा फुटला होता, तुम्ही हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. हिच्या वेळी मात्र आपण पडण्याआधीच सायकल काढून घेतो.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिला कुणी विचारलंच नाही ताई. मीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. नाव यादीत राहिलं. सायकल अजून यायची आहे. तोवर ती मुलगी भावाच्या सायकलीवर, सीट पार खाली करून, संध्याकाळी अंगणात ढकलत ढकलत फिरते. परवा गेले तेव्हा दोनदा पायडल मारलं तिनं, तिसऱ्याला पाय टेकला. मला बघून म्हणाली, "मावशी, उद्या चार मारते."

तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेच्या यादीत असं एखादं नाव असेल. ते खोडायच्या आधी ज्या मुलीचं आहे, तिला एकदा विचारा.